मैदानावरचे दिवे

दिवाळी सरते, साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि इंदापूर-अकलूज मार्गावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. साधारण त्याच सुमारास बावडा आणि आसपासच्या गावांच्या चौकांत ‘प्रकाशझोतातील भव्य क्रिकेट स्पर्धा’ अशा मजकुराचे फलक झळकू लागतात. टेनिसच्या चेंडूवर खेळल्या जाणाऱ्या या स्पर्धा आता ग्रामीण महाराष्ट्राच्या हिवाळ्याचा भाग झाल्या आहेत. बांबूंना किंवा लोखंडी खांबांना बांधलेले भाड्याचे दिवे, कडेला घरघरणारा जनरेटर, ध्वनिक्षेपकावर अखंड समालोचन आणि मैदानाभोवती मफलर गुंडाळून उभी असलेली तरुण मंडळी, असे हे दृश्य परिचित आहे.

भाड्याचे दिवे चार दिवसांनी उतरवले जातात, तोवर कुणाची फारशी तक्रार नसते. कुरबुर सुरू होते ती कायमच्या खांबांचा विषय निघाल्यावर. एका बाजूस दिवसभर शेतात, दुकानात किंवा कारखान्यात राबणारा आणि सूर्यास्तानंतरच मोकळा होणारा तरुण असतो. दुसऱ्या बाजूस मैदानाला लागून असलेल्या घरांत दहावीचा अभ्यास करणारी मुलगी, पहाटे चारला धारा काढण्यासाठी उठणारी गृहिणी आणि औषधे घेऊन नऊ वाजता अंथरुणाला पाठ टेकणारे आजोबा असतात. गाव एकच, मैदान एकच. परंतु सायंकाळी सात ते रात्री अकरा हे चार तास कोणाच्या मालकीचे, याचा खुलासा सातबाऱ्यावर केलेला नसतो.

पूर्वीच्या रात्री शांत होत्या असे सांगण्याची प्रथा आहे. ती फारशी खरी नाही. जत्रेतला तमाशा, भजन, भारूड, कीर्तन हे सारे गॅसबत्तीच्या उजेडात पहाटेपर्यंत चालत असे आणि त्याबद्दल कुणी गाऱ्हाणे घेऊन जात नसे. फरक एवढाच की ती रात्र वर्षातून ठरलेल्या तिथीला येत असे आणि साऱ्या गावाची असे. कायमच्या दिव्याला तिथी नसते. बटण हाताशी असले की कोणतीही रात्र सामन्याची होऊ शकते, आणि शेजाऱ्यांची खरी धास्ती हीच असते.

हाच वाद एका महानगराने अनेक वर्षे घातला. विधिमंडळ, न्यायालय आणि महानगरपालिका अशा तिन्ही पायऱ्या चढून तो अखेर मिटवला. ते शहर म्हणजे अमेरिकेतील शिकागो. १८९३ च्या सर्वधर्म परिषदेत वीरचंद राघवजी गांधी यांनी तेथे जैन दर्शनाची मांडणी केली, म्हणून या मासिकाच्या वाचकांना ते नाव नवे नाही. त्या शहराच्या उत्तर भागात ‘रिग्ली फील्ड’ नावाचे बेसबॉलचे जुने मैदान आहे. १९१४ मध्ये ते बांधले गेले आणि १९१६ पासून ‘शिकागो कब्स’ हा संघ तेथे खेळतो. हे मैदान मोकळ्या माळावर नसून लेकव्ह्यू या दाट वस्तीत आहे. रस्ता ओलांडला की लोकांची घरे. काही घरांच्या गच्चीवरून सामना दिसतो. वाहनतळ बेताचाच. प्रेक्षक मोठ्या संख्येने शहरी रेल्वेने येतात.

अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉल स्पर्धेत दिव्यांखालचा पहिला सामना २४ मे १९३५ रोजी सिनसिनाटी येथे झाला. मैदानात दिवे लागले, पण कळ दाबली ती राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी, वॉशिंग्टनमध्ये बसून. या समारंभामागचे कारण साधे होते. महामंदीच्या काळात कामकाजाच्या दिवशी दुपारी सामना पाहण्यास येणार कोण? रात्री सामना ठेवताच नोकरदार व कामगार वर्ग तिकीट काढू लागला. व्यवहार जुळला म्हटल्यावर एकेक शहराने दिवे लावले आणि १९४८ पर्यंत प्रमुख संघांपैकी एकच मैदान अंधारात उरले, ते रिग्ली.

तेथेही दिवे लागणारच होते. मालक फिलिप रिग्ली यांनी १९४२ च्या हंगामासाठी पोलाद व इतर साहित्य खरेदी करून ठेवले होते. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते साहित्य युद्धकार्यासाठी देऊन टाकले. युद्ध संपले तरी खांब उभे राहिले नाहीत. पुढे अंधार हीच त्या मैदानाची ओळख झाली आणि ‘बेसबॉल हा सूर्यप्रकाशातला खेळ’ हे वाक्य अभिमानाने उच्चारले जाऊ लागले. अनेक परंपरा अशाच जन्मतात. एखादी वस्तू वेळेवर मिळत नाही, आणि वीस वर्षांनी तिचा अभाव हेच तत्त्व ठरते. गंमत अशी की १ जुलै १९४३ रोजी तात्पुरते दिवे उभारून त्याच मैदानावर रात्रीचा सामना झाला होता, आणि तो होता स्त्रियांच्या व्यावसायिक बेसबॉल लीगचा. पुरुषांच्या संघाला त्यानंतर पंचेचाळीस वर्षे थांबावे लागले.

१९८१ मध्ये रिग्ली कुटुंबाने संघ ट्रिब्यून कंपनीला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरला विकला. नवा मालक वृत्तपत्र व दूरचित्रवाणीच्या धंद्यातला होता. दुपारच्या सामन्याला दूरचित्रवाणीचा प्रेक्षक मिळत नाही, हे त्याला कुणी शिकवण्याची गरज नव्हती. दिव्यांची चर्चा सुरू होताच शेजारी संघटित झाले. दारू पिऊन रात्री घरासमोर गोंधळ घालणारे प्रेक्षक, रस्त्यावर गाडी लावायला न मिळणारी जागा, झोपेच्या वेळी उठणारा चाळीस हजार कंठांचा गजर हे त्यांचे आक्षेप होते. त्यांच्या संघटनेच्या नावाचा अर्थच ‘सूर्यप्रकाशातील बेसबॉलसाठी एकत्र आलेले नागरिक’ असा होता, आणि त्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे जोडली की संघाचेच नाव ‘कब्स’ तयार होत असे. १९८२ मध्ये इलिनॉय राज्याने ध्वनिप्रदूषणाचा असा कायदा केला की त्याच्या कचाट्यात व्यवहारतः हे एकच मैदान सापडावे. शहराच्या दक्षिण भागातील दुसऱ्या संघाच्या मैदानावर १९३९ पासून रात्रीचे सामने होत असल्याने त्याला हात लागला नाही. पाठोपाठ शहरानेही स्वतःचा मनाई नियम केला.

१९८४ मध्ये कब्स संघाने आपला गट जिंकला आणि पेच उघड झाला. अंतिम मालिकेचे सामने रात्री दाखवण्याचे करार दूरचित्रवाणी कंपन्यांशी झालेले, आणि येथे दिवेच नाहीत. त्या वर्षी संघ उपांत्य फेरीत हरल्याने प्रसंग टळला. परंतु यापुढे निर्णायक सामने दुसऱ्या शहरात खेळवावे लागतील, असा इशारा मिळाला. कंपनी न्यायालयात गेली. कायदा एकट्या आमच्यासाठी बेतला आहे, असा तिचा युक्तिवाद होता. मार्च १९८५ मध्ये न्यायमूर्ती रिचर्ड करी यांनी तो फेटाळला. त्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही शेजाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. मग कंपनीने उपनगरात नवे मैदान बांधून निघून जाण्याची भाषा सुरू केली.

येथवर वाचकाची सहानुभूती शेजाऱ्यांकडे झुकली असेल, आणि ते स्वाभाविक आहे. मात्र दुपारी एक-दीडला सुरू होणारा सामना पाहण्याची सवड कोणाला असते, हा प्रश्न त्या सूर्यप्रकाशाच्या गौरवात कायम झाकला गेला. कारखान्यात पाळी करणारा, दुकानात उभा राहणारा, कामावर गेल्याशिवाय ज्याची चूल पेटत नाही असा माणूस कामाच्या दिवशी त्या उन्हाचा आनंद घेणार कसा? ‘दिवसाच खेळा’ हे सांगणे ज्यांचा दिवस स्वतःच्या ताब्यात आहे त्यांना सोपे जाते. बावड्याच्या परिसरात तर ही गोष्ट अधिक ठळक आहे. तरण्या वयाची बहुसंख्य मुले दिवसा कामावर असतात, आणि पोलीस किंवा सैन्य भरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटेच्या अंधारात, भरधाव वाहनांच्या कडेने, डांबरी रस्त्यावर धावतात. त्यांच्यासाठी मैदानाच्या कडेचा एक मंद दिवा सुरक्षेची बाब आहे.

शिकागोत अखेर जो तोडगा निघाला त्याचे मर्म आकड्यात आहे. महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन मर्यादित परवानगीस अनुकूल झाले होते; नोव्हेंबर १९८७ मध्ये त्यांचे आकस्मिक निधन झाले. त्यानंतर २५ फेब्रुवारी १९८८ रोजी नगर परिषदेने २९ विरुद्ध १९ मतांनी मनाई उठवली. परंतु सरसकट नव्हे. पहिल्या वर्षी रात्रीचे सामने आठच, पुढे २००२ पर्यंत दर वर्षी अठरा. सामन्याच्या रात्री आसपासच्या गल्ल्यांत रहिवाशांनाच गाडी लावण्याचा परवाना. म्हणजे ‘दिवे हवेत की नकोत’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘किती रात्री, आणि त्या रात्री शेजाऱ्याला काय मिळेल’ हा प्रश्न घेतला गेला. मिटला तो या दुसऱ्या प्रश्नावर.

८ ऑगस्ट १९८८ रोजी हॅरी ग्रॉसमन नावाच्या ९१ वर्षांच्या जुन्या चाहत्याच्या हस्ते दिवे लागले. साडेतीन डाव होतात न होतात तोच धुवाधार पाऊस आला आणि सामना रद्द झाला. दिव्यांच्या विरोधकांनी त्यात आकाशवाणी ऐकली असल्यास नवल नाही. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क मेट्सविरुद्धचा सामना पूर्ण झाला आणि कब्सने तो ६-४ असा जिंकला. परिसरातील घरांच्या किमती कोसळण्याची भीती पुढे खरी ठरली नाही. उलट त्या वाढल्या.

कथा येथे संपवली तर ती गोड वाटेल; पण खातेवही पुढे पाहिली पाहिजे. २००२ ची मुदत उलटल्यावर अठराचे तीस झाले, आणि नंतर आकडा चाळिशीच्या पुढे गेला. प्रत्येक वाढीचे कारण त्या त्या वेळी सबळ वाटले. कॅश क्रेडिट खात्याचा अनुभव असलेल्यांना हे ओळखीचे वाटेल: मर्यादा मंजूर करताना ती पुरेशी असते, आणि वर्षभरात ती वाढवून मिळावी असा अर्ज येतो. श्रावकाच्या व्रतांत परिमाणाला जे स्थान आहे ते या मनुष्यस्वभावाच्या पक्क्या ओळखीतून आलेले आहे. दिग्व्रताच्या अतिचारांत ‘क्षेत्रवृद्धी’ वेगळी नोंदवली आहे, म्हणजे आखलेली मर्यादा सोयीनुसार पुढे सरकवणे. आकडा ठरवणे हे निम्मे काम झाले. तो कोण, कोणाला विचारून आणि किती वर्षांनी बदलू शकेल, हेही त्याच दिवशी लिहून ठेवावे लागते.

आपल्याकडे हे अपरिचित नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. सांस्कृतिक व धार्मिक उत्सवांसाठी मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे, पण तोही वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवसांपुरता. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. दादरच्या शिवाजी पार्कबाबत २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शांतता क्षेत्राचा निर्णय दिला, तेव्हाही पुढची सारी चर्चा वर्षातले कोणते आणि किती दिवस वगळायचे यावर होत राहिली. क्रिकेट स्पर्धा हा सांस्कृतिक उत्सव आहे की नाही हा वादाचा मुद्दा. आयोजकांना विचारल्यास उत्तर होकारार्थीच येईल. तथापि दिव्याला आवाज नसतो हेही लक्षात घ्यावे. शेजाऱ्याला जागे ठेवतो तो प्रामुख्याने भोंगा. रात्री समालोचन बंद ठेवून केवळ दिव्यांखाली खेळ झाला, तर निम्म्याहून अधिक तक्रार जागीच विरेल.

उरलेली तक्रार करणारे मात्र कोणत्याही सभेला येत नाहीत. पावसाळ्यात दिव्याखाली सकाळी पडलेला कीटकांचा खच सर्वांनी पाहिला आहे. कीटक प्रकाशाकडे आकर्षित होतात, असे पिढ्यान्‌पिढ्या समजले गेले. जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी चित्रण करून वेगळेच दाखवण्यात आले. उडणारा कीटक आपली पाठ उजेडाच्या बाजूस ठेवतो, कारण लक्षावधी वर्षे उजेड म्हणजे आकाश, म्हणजे वरची दिशा. कृत्रिम दिवा जवळ आला की त्याचा वर-खालीचा हिशेब चुकतो आणि तो दिव्याभोवती फिरत राहतो. त्याला दिव्याची ओढ नसते. त्याची वाट हरवलेली असते. रात्रिभोजनत्यागाचा विचार ज्या घरांत आजही पाळला जातो, त्यांना यातील विराधना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. खेळ संपून मैदान रिकामे झाल्यावरही तासन्‌तास जळणारे दिवे हा तर अनर्थदंडाचा सरळ नमुना. झोत खाली वळवणारी टोपणे, पांढऱ्याऐवजी पिवळसर प्रकाश आणि चातुर्मासात मैदान अंधारात ठेवणे, एवढ्यानेही पुष्कळ जीव वाचतात. पावसाळ्यात या भागात स्पर्धा नसतातच, त्यामुळे यात कुणाचे काही जात नाही.

आता खर्च. चार खांब, प्रत्येकावर ४०० वॅटचे सहा एलईडी दिवे धरले तर एकूण भार ९.६ किलोवॅट होतो आणि चार तासांना सुमारे ३८ युनिट लागतात. जुन्या १,००० वॅटच्या दिव्यांना त्याच वेळात ९६ युनिट लागले असते. वर्षाला तीस रात्री धरल्या तरी साडेअकराशे युनिटांच्या आसपास हिशेब थांबतो. विजेचे बिल कोणतीही ग्रामपंचायत किंवा मंडळ भागवू शकेल; खांब, तारा आणि दुरुस्ती यांचाच भार मोठा. पण या परिसरात विजेचा विषय नुसत्या युनिटांवर संपत नाही. अनेक कृषिपंपांना चक्राकार पद्धतीने कधी दिवसा, तर कधी रात्री वीज मिळते. ज्या आठवड्यात रात्रपाळी असते त्या आठवड्यात शेतकरी हातात विजेरी घेऊन, बिबट्याच्या भीतीने उसाच्या कडेकडेने, पाण्याचे दारे धरायला जातो. सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ पासून राबवली जात आहे. दिवसा वीज देणे हाच तिचा हेतू. बांधावरून मैदानाच्या झगमगाटाकडे पाहणाऱ्या त्या माणसाच्या मनात काय येत असेल, याचाही विचार खांब उभारणाऱ्यांनी करावा. दिव्यांचा खर्च गावाने सोसायचा ठरल्यास त्याचा वाटा त्यालाही द्यावा लागणार आहे.

बावड्यासारख्या गावाला शिकागोची नक्कल करण्याचे कारण नाही; तेथे कोट्यवधींचा धंदा होता, येथे फार तर एक चषक आणि रोख बक्षीस. पण त्या नगर परिषदेने कागदावर जे उतरवले, ते येथेही उतरवता येईल. स्पर्धेचे झगझगीत दिवे आणि धावपटूंचे मंद दिवे यांची जोडणी वेगवेगळी असावी. स्पर्धेच्या रात्री मोजून ठरवाव्यात. दहावी-बारावीच्या परीक्षेचा काळ त्यातून वगळावा. मुख्य कळीची किल्ली आयोजकाकडे न देता शाळेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे राहावी, आणि दहाला दिवे मालवण्याची जबाबदारी एका व्यक्तीच्या नावावर असावी. मैदानाला लागून ज्यांची घरे आहेत त्यांची संमती सही घेऊन नोंदवावी, आणि रात्रींचा आकडा वाढवायचा असल्यास पुन्हा त्यांच्याच दारी जावे.

प्रथेप्रमाणे ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर रोजी भरते. जानेवारीत स्पर्धा ऐन रंगात असतात आणि तेव्हा दिव्यांविरुद्ध बोलणाऱ्याला कुणी बसू देत नाही. मे महिन्यात हंगाम संपलेला असतो आणि विषय कुणाच्या लक्षातही राहत नाही. दोन ऑक्टोबरची सभा त्यातल्या त्यात बरी: पाऊस ओसरलेला, फलक अजून छापायचे, आणि मैदान अंधारात.